जुन्या गाडीचा बोजा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवी व्याख्यानांचे विषय बहुधा संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवकाल असे असतात. सरपण वाहण्यासाठी जुना टेम्पो कसा घ्यावा, हा आमचा विषय ऐकून काहींच्या मुद्रेवर स्मित उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. परंतु परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाची दहा वर्षांची शिल्लक एका दुपारच्या व्यवहारात जाऊ शकते, आणि तो व्यवहार बहुधा असाच एखादा असतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्येशी आमचा संबंध नाही. मात्र केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे हिशेब आणि कागद तपासण्यात गेली. आजचे बोलणे त्या अधिकारात.

मारतहळ्ळीत बसून गाड्यांविषयी बोलताना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. जुन्या विमानतळ रस्त्यावरील हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० साली त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला, आणि १९४४ साली त्यांनीच मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. 'टेम्पो' हा शब्दही असाच दुरून आला. मुळात ते हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने त्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे बनविल्या. पुढे २००५ साली कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, पण आपण मराठी माणसे अजून प्रत्येक लहान मालवाहू गाडीस टेम्पोच म्हणतो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आपल्या एक सभासद भगिनी, ज्यांना आपण सारे वहिनी म्हणतो, वर्तूरच्या पुढे पत्र्याची शेड घालून लग्नकार्यांचा स्वयंपाक करतात. मोठी पातेली त्या लाकडाच्या चुलाणावर चढवितात. होसकोट्याच्या पहाटेच्या बिर्याणीचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांस लाकडाच्या आचेचे महत्त्व सांगावयास नको. कन्नडमध्ये सरपणास 'सौदे' म्हणतात. आपल्याकडे सौदा म्हणजे व्यवहार. वहिनी म्हणतात, "आमच्या घरी दोन्ही एकच." आठवड्यास दोन खेपा सरपण भाड्याच्या टेम्पोतून येई. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःचा जुना टेम्पो घेण्याचे ठरविले आणि कागद पाहण्यासाठी आम्हांस बोलाविले.

कागद पाहण्याआधी आम्ही त्यांची वही मागितली. वर्षाच्या खेपा शंभर, भाडे खेपेस अडीच हजार. म्हणजे अडीच लाख रुपये. उलट बाजूस, गाडी तीन लाख वीस हजारांस घेऊन पाच वर्षांनी एक लाख वीस हजारांस विकली, तर घसारा वर्षास चाळीस हजार. विमा, कर आणि तपासणी मिळून पंचेचाळीस हजार. टायर आणि दुरुस्ती पन्नास हजार. म्हणजे गाडी दारात उभी राहिली तरी वर्षास एक लाख पस्तीस हजारांचा खर्च. त्याखेरीज प्रत्येक खेपेस डिझेल आणि चालविणाऱ्याची मजुरी मिळून अकराशे. मुलगाच चालविणार, म्हणून मजुरी धरू नका, असे वहिनींचे म्हणणे होते. ते आम्ही मानले नाही. घरच्या माणसाचे श्रम फुकट धरणे हा आपल्याकडील हिशेबांचा जुना दोष आहे. तर शंभर खेपांस खर्च दोन लाख पंचेचाळीस हजार, आणि बचत अवघी पाच हजार!

दुसरा प्रश्न लाकडाचा. मालूर आणि होसकोटे या बाजूस निलगिरी मुबलक. तिची नवी लागवड कर्नाटक शासनाने २०१७ साली थांबविली असली, तरी जुनी बने आहेत. त्याशिवाय सुरू, ज्यास इकडे सर्वे म्हणतात, आणि वेडी बाभूळ, म्हणजे येथील बळ्ळारी जाली. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चांगले वाळलेल्यात ते पाचवा हिस्सा उरते. म्हणजे ओल्या लाकडाच्या आठ खेपांत जेवढे जळण येते, तेवढे सुक्याच्या पाच खेपांत येते. ओले सरपण घेणारा पाण्याचे पैसे देतो, पाण्याचे भाडे देतो, आणि शेवटी ते पाणी आटविण्यासाठी चांगले लाकूड जाळतो. वर धूर होतो तो निराळाच. लाकूड बनातच दोन-तीन महिने वाळवून मग उचलले, तर शंभर खेपांच्या साठ-बासष्ट होतात.

येथे वहिनींचा मुलगा म्हणाला, "मग काका, गाडी घ्यायचं कारणच काय राहिलं?" प्रश्न रास्त होता. साठ खेपांसाठी भाड्याचीच गाडी स्वस्त. तेव्हा वहिनींनी दुसरी वही पुढे केली. भांडी आणि तयार जेवण कार्यालयांत पोचविण्याच्या खेपा वर्षास आणखी साठ. एकूण एकशेवीस खेपा, प्रत्येकीत चौदाशेंची बचत, त्यातून उभ्या गाडीचा खर्च वजा जाता वर्षास तेहतीस हजार. आता गाडी पाहावयास जाण्यास हरकत नव्हती.

आम्ही तीन गाड्या पाहिल्या. पहिलीस नवा रंग होता, फुलांचा हार होता. दलाल घाई करीत होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, आजच विसार द्या म्हणतो, उद्या गाडी राहणार नाही." आम्ही म्हटले, "उद्या ही गेली तर परवा दुसरी दिसेल, वहिनी. कागद पाहिल्यावाचून एक रुपयाही द्यावयाचा नाही." परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' संकेतस्थळावर क्रमांक घालून पाहिला, तो कर्जाचा बोजा तसाच उभा. कर्ज फिटले, हे विकणाऱ्याचे तोंडी सांगणे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे पत्र आणि तिच्या सहीचा नमुना ३५ हातात आल्याखेरीज बोजा उतरला असे समजू नये.

दुसरी गाडी परराज्यातील. मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत पत्र नव्हते. सोबत नेलेला कन्नड मेकॅनिक खाली वाकला आणि त्याने चॅसीवर झळाईचा एक लांब सांधा दाखविला. वर्षानुवर्षे जादा माल लादल्याची ती खूण. तो एवढेच म्हणाला, "बेडा, सार." ही नको साहेब, याहून स्पष्ट अभिप्राय आम्ही कोणत्याही तपासणी-अहवालात वाचलेला नाही.

तिसरी दिसावयास कळाहीन. मालक भाजीचा व्यापारी, एकहाती वापरलेली. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून पाहिले. गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. काळा धूर निघाला तर इंधन नीट जळत नाही, निळा निघाला तर तेल जळते, आणि पांढरा निघून थांबतच नसेल तर आत पाणी शिरत असावे. टायरांची झीज दोन्ही बाजूंस सारखी आहे का, पाटे चपटे झाले आहेत का, हौद्याचा तळ सडला आहे का, हे पाहिले. चॅसीवरचा क्रमांक आर.सी. बुकातील क्रमांकाशी अंक-अंक ताडून घेतला. शेवटी मालकाच्याच पोत्यांचा भार घालून गाडी चढावर चालविली. रिकाम्या गाडीची परीक्षा ही परीक्षा नव्हे.

कायद्याच्या चार गोष्टी टिपून ठेवाव्यात. ज्यास आपण पासिंग म्हणतो त्यास इकडे एफ.सी. म्हणतात, आठ वर्षांनंतर ती दरवर्षी करावी लागते, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांचे तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. भारासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परमिटातून सूट आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निःसंदिग्ध केले. आणि खरेदीनंतर नमुना २९ व ३० भरून तीस दिवसांत नाव बदलून घ्यावे. विम्यावरील नावासाठी मुदत चौदाच दिवसांची आहे. सरपणाच्या वाहतुकीस पास लागतो की नाही हे झाडाच्या जातीवर अवलंबून असते. ते वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारावे. जादा भार भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दंड वीस हजारांपासून सुरू होतो. वहिनींच्या हिशेबात ती जवळजवळ पंधरा खेपांची बचत आहे.

गाडी घेतली. पण खरा मतभेद पुढेच झाला. कार्यालयातील काम उरकले की रात्री वाढपी बायका भांड्यांसोबत हौद्यात बसून परतत. भाड्याच्या गाडीत हे वर्षानुवर्षे चालले होते. मालवाहू गाडीतून सहज म्हणून नेलेल्या प्रवाशांची भरपाई सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरविले. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांस संरक्षण मिळाले आहे खरे; पण भांड्यांवर बसलेल्या सहा बायका हे मालाचे प्रतिनिधी, असे न्यायालयात सांगण्यास कोण धजेल? आम्ही वहिनींस विचारले, "यांच्या घरी उत्तर कोण देणार?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रिक्षाचे पैसे वहीत लिहा." साठ खेपांस चारशेप्रमाणे चोवीस हजार. तेहतिसांतून उरले नऊ हजार.

बंधुभगिनींनो, हे नऊ हजार आम्हांस फार मोलाचे वाटतात, कारण त्यांत कोणाचे श्रम दडविलेले नाहीत आणि कोणाचा जीव पणास लावलेला नाही. गणेशविसर्जनास आपली मुले उघड्या टेम्पोत उभी राहून जातात, तेव्हा उत्सवाच्या जमाखर्चात हीच एक ओळ लिहावयाची राहते. पन्नास वर्षे आपण उत्सव केले. एक्कावन्नाव्या वर्षापासून मुलांसाठी वेगळी बस करावी, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

दुसरी सूचना लहान आहे. गावी असतो तर असा व्यवहार करताना सोबत मामा आला असता, शेजारचा मिस्त्री आला असता. येथे ती माणसे आपणच एकमेकांची व्हावयाची. कागद कोण पाहू शकतो, इंजिन कोणास कळते, दलालाशी कन्नडमध्ये कोण बोलू शकतो, अशा नावांची एक वही मंडळाच्या कपाटात असावी. कागदांच्या पानावर पहिले नाव आमचे घालावे.