उतरंडीतला आवाज



जुन्या घराच्या माजघरात रचलेली उतरंड आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तळाशी मोठा रांजण, त्यावर घडा, त्यावर मडके आणि अगदी वर एक चिमुकले गाडगे. संगणकाची जवळच्या जवळ बिनतारी जोडणी करणारे जे सॉफ्टवेअर असते, त्याची रचनाही अशीच एकावर एक असते. इंग्रजीत त्यास 'स्टॅक' म्हणतात. आपण मराठीत त्याला उतरंडच म्हणू.

ही जोडणी म्हणजे ब्लूटूथ. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली तिच्या कामास प्रारंभ झाला आणि १९९८ साली एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम व तोशिबा या पाच कंपन्यांनी तिचे नियम ठरविणारी संस्था स्थापन केली. नाव मात्र दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतलेले. नामकरणाचा हा प्रकार आपल्याकडच्या बारशांहूनही विचित्र खरा!

उतरंडीच्या तळाशी रेडिओ असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याने स्वतःसाठी ७९ वाटा आखलेल्या असतात आणि जुन्या पद्धतीच्या जोडणीत तो सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतो. याच पट्ट्यात वायफाय चालते, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही येथेच गोंगाट करते. म्हणून एका वाटेवर अडथळा आला तरी संदेशाचा लहानसा तुकडाच बिघडावा, अशी ही योजना आहे. मधल्या थरांत समोरचे यंत्र शोधणे, त्याची ओळख पटविणे, माहितीचे तुकडे करून पाठविणे ही कामे चालतात. सर्वांत वर असतात निरनिराळे शिरस्ते: कळफलकाचा एक, फायली पाठविण्याचा दुसरा, संगीताचा तिसरा, संभाषणाचा चौथा.

प्रारंभी विंडोजमध्ये ही उतरंड नव्हती. ज्याने यंत्र विकले त्याने आपली उतरंड तबकडीवर घालून द्यावी, असा व्यवहार होता. २००४ साली एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर विंडोजची स्वतःची उतरंड आली. मग एकाच रेडिओवर दोघांचा हक्क, आणि भांडणात जोडणी बंद! लिनक्सच्या गाभ्यात मात्र 'ब्लूझी' नावाची उतरंड २००१ पासूनच आहे.

आता संगीत आणि संभाषण या दोन शिरस्त्यांकडे वळतो, कारण माझी चूक तेथेच झाली. संगीताच्या शिरस्त्यात आवाज एकाच दिशेने, संगणकाकडून कानाकडे जातो आणि तो भरदार असतो. परंतु कानावरच्या यंत्राचा ध्वनिग्राहक सुरू झाला की संगणक निमूटपणे संभाषणाच्या शिरस्त्यावर उतरतो. तेथे जुन्या रीतीने सेकंदाला ८,००० नमुनेच घेतले जातात. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीही कानी पडत नाही. पुढे १६,००० नमुन्यांची रीत आली, पण ती दोन्ही टोकांना ठाऊक असावी लागते. आणि आपल्या 'स'चा जो सळसळाट, त्याचा मोठा भाग ४,००० हर्ट्झच्या वरच असतो!

२०२० साली शाळा बंद होत्या. मी संगणकावरून सातवीची तोंडी परीक्षा घेत होते, कानावर नवे बिनतारी यंत्र होते. एका मुलाने कविता म्हटली. त्याचा प्रत्येक 'स' मला बोथट, जवळजवळ 'फ'सारखा ऐकू आला. मी गुण कापले आणि 'उच्चार अस्पष्ट' असा शेरा मारला. तो म्हणाला, "बाई, मी नीटच म्हटलं होतं हो." मला तो हट्ट वाटला.

काही महिन्यांनी याच यंत्रावर मी गाणे ऐकत होते. एका बैठकीसाठी ध्वनिग्राहक सुरू केला, तोच गाणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे झाले. शाळेतील एका तरुण सहकाऱ्यास विचारले. त्याने संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन बोलण्यासाठी संगणकाचाच ध्वनिग्राहक निवडला व यंत्र केवळ ऐकण्यासाठी ठेवले. क्षणात गाणे पूर्ववत! श्रोत्यांपैकी कोणी संगणकावर शिकवीत असेल, तर एवढे अवश्य करावे. २०२२ साली पूर्ण झालेल्या 'एलई ऑडिओ' या नव्या नियमावलीत ही अडचण पुष्कळ दूर होते, परंतु त्यासाठी संगणक आणि यंत्र दोन्ही नवे लागतात. आमच्या शाळेत ते कोठून यायचे?

त्या तोंडी परीक्षेचे ध्वनिमुद्रण माझ्या संगणकात होते. ते मी साध्या स्पीकरवर लावले. मुलाचा प्रत्येक 'स' लख्ख होता. मी मुख्याध्यापकांना लिहून दिले, गुण दुरुस्त झाले, त्याच्या घरी जाऊन त्याची क्षमाही मागितली. "असू दे, बाई," एवढेच तो म्हणाला. पुढच्या वर्षी काव्यगायनाच्या स्पर्धेसाठी मी त्याचे नाव पुकारले. तो जागेवरून उठला नाही.