कुणासाठी कोणता दरवाजा



जेरुसलेमचं तटबंदीच्या आतलं जुनं शहर उणंपुरं एक चौरस किलोमीटरचं. त्यात ज्यूंची पश्चिम भिंत, ख्रिस्ती लोकांचं होली सेपल्कर चर्च आणि मुसलमानांची अल-अक्सा. एकीकडून दुसरीकडे चालत जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आपल्याकडच्या सहली ही तिन्ही ठिकाणं दुपारच्या जेवणाआधी उरकतात आणि आपण ‘तीन धर्मांचं शहर पाहिलं’ म्हणून परत येतो. मला आज एवढंच सांगायचं आहे, की असं शहर फक्त परक्यालाच दिसतं. तिथे जन्मलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही.

१९४८च्या नोव्हेंबरची अखेर. मुसरारा भागातल्या एका ओस पडलेल्या घरात इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल शस्त्रसंधीची रेघ आखायला नकाशा पसरून बसले. एकाने हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली, दुसऱ्याने लाल. नकाशा वीस हजारास एक या प्रमाणाचा, पेन्सिली मेणचट आणि जाड. रेघेची तीन-चार मिलिमीटर जाडी जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर भरत होती. त्या जाडीत घरं होती, रस्ते होते. ती जागा कुणाची? दोन रेघांच्या मधली तर कुणाचीच नाही. पुढे १९५६मध्ये रेघेलगतच्या इस्पितळातल्या एका रुग्णाची कवळी खिडकीतून या ‘कुणाच्याच नसलेल्या’ जमिनीवर पडली. ती शोधायला पांढरं निशाण घेऊन अधिकारी आणि जोगिणी उतरल्या. हसू येतं खरं. पण सापडलेली कवळी हातात धरून उभ्या असलेल्या जोगिणीचा फोटो त्या शहराबद्दल पुष्कळ सांगून जातो.

एप्रिल १९४९च्या इस्रायल-जॉर्डन युद्धबंदी करारात आठवं कलम होतं. पवित्र स्थळी जाण्याची मोकळीक द्यायची, ऑलिव्ह टेकडीवरची दफनभूमी वापरू द्यायची, त्यासाठी संयुक्त समिती नेमायची. कलम कागदावरच राहिलं. पश्चिम भिंत जॉर्डनच्या बाजूला गेली आणि एकोणीस वर्षं इस्रायली ज्यूंना तिच्यापर्यंत पोचता आलं नाही.

इथे आपला संबंध येतो. त्याच काळात अलिबाग-रेवदंड्याकडची, मुंबईतली बेने इस्रायली ज्यू कुटुंबं इस्रायलला जाऊ लागली होती. घरात मराठी बोलणारी, गावाच्या नावावरून आडनाव लावणारी ही माणसं. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत जेरुसलेमचं नाव घेतलं, समुद्र ओलांडून जेरुसलेमला आली, आणि भिंत रेघेच्या पलीकडे! सियोन टेकडीवर चढायचं आणि तिथून जुन्या शहराकडे नुसतं पाहायचं. आणि पलीकडे, हेरोद दरवाजाजवळ एक हिंदी झाविया, म्हणजे सूफींचा मठ, होती, आजही आहे. बाबा फरीद तिथे राहून गेले अशी परंपरा. १९२४मध्ये सहारनपूरहून आलेले नझीर हसन अन्सारी तिची व्यवस्था पाहू लागले. भारतातून अल-अक्साला येणाऱ्या मुसलमानांची ही हक्काची सराई. एका देशातून निघालेले दोघे एका शहरात पोचत आणि रेघेच्या दोन बाजूंना राहत.

रेघ ओलांडायला मँडेलबाउम दरवाजा होता. राजनैतिक अधिकारी, संयुक्त राष्ट्रांचे लोक, परदेशी यात्रेकरू तिथून जात; इस्रायलमधल्या ख्रिस्ती अरबांना नाताळात परवाना मिळे. जानेवारी १९६४मध्ये पोप पॉल सहावेही इथूनच जॉर्डनच्या बाजूला परतले. म्हणजे तेव्हाही सोय मुख्यतः कुणाची, तर बाहेरच्याची.

१९६७च्या जूनमध्ये इस्रायलने पूर्व भाग घेतला. ज्यू भिंतीपाशी पोचले. पण भिंतीसमोरची मुघराबी वस्ती काही दिवसांतच पाडली गेली. आज ज्या प्रशस्त चौकात उभे राहून आपण फोटो काढतो, तिथे घरं होती. वाटाड्या हे सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगतो. वरच्या हरम अल-शरीफवरचा, म्हणजे अल-अक्साच्या आवारातला, इस्रायली झेंडा मात्र दायान यांनी लगेच उतरवायला लावला आणि आतला कारभार जॉर्डनशी जोडलेल्या वक्फकडे ठेवला. बाहेरचा पहारा इस्रायली पोलिसांचा. मुसलमानेतरांना मुघराबी दरवाजा हा एकच, तोही ठरावीक वेळी, शुक्रवार-शनिवार बंद. धर्मनिष्ठ ज्यूंसाठी वाटेवर मुख्य रब्बींची पाटी: आत पाऊल टाकणं धर्मबाह्य आहे. इतर दरवाजे मुसलमानांचे. परका मुसलमान आला तर पहारेकरी कधीकधी कुराणातलं काही म्हणून दाखवायला लावतात.

होली सेपल्करमध्ये वेगळीच तऱ्हा. सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क तासातासाने आणि फरशीफरशीने वाटलेले. आधार १८५२च्या उस्मानी फर्मानाचा. दाराची किल्ली जुदे या मुसलमान घराण्याकडे, दार उघडण्याचा मान नुसैबे घराण्याकडे. दर्शनी खिडकीखालची शिडी तर अठराव्या शतकातल्या चित्रातही दिसते. हलवायची कुणी, यावर एकमत नाही. २००२मध्ये गच्चीवर एका कॉप्ट साधूने खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली. इथिओपियन साधूंना ते अतिक्रमण वाटलं. मारामारी झाली, अकरा जण इस्पितळात गेले.

आजची रेघ पेन्सिलीची नाही, काँक्रीटच्या भिंतीची आहे. तिच्या पलीकडचं पॅलेस्टिनी बेथलेहेम जेरुसलेमपासून आठ-नऊ किलोमीटर. तिथल्या मुसलमानाला रमजानच्या शुक्रवारी अल-अक्साला जायचं तर परवाना लागतो, त्यातही वयाच्या अटी. तिथल्या ख्रिस्ती माणसालाही ईस्टरला होली सेपल्करला जायला परवाना लागतो. बेथलेहेमच्याच वेशीवरची, ज्यूंना पवित्र असलेली राहेलची कबर या भिंतीने वळसा घालून इस्रायली बाजूला घेतली आहे. तिथे गावच्या माणसाची वाट बंद. उलट इस्रायली नागरिकाला बेथलेहेममध्ये शिरायला त्याचाच कायदा मनाई करतो. येशूची जन्मभूमी आणि त्याची कबर एका दिवसात सहज पाहू शकतो तो मुंबईचा पासपोर्टवाला.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना मी एकच सुचवतो: बेथलेहेमहून परतताना सहलीची गाडी सोडा, साधी प्रवासी बस धरा. तपासणी नाक्यावर बस थांबली की पॅलेस्टिनी प्रवासी ओळखपत्र काढून खाली उतरतात, रांगेत उभे राहतात. परदेशी माणसाला बहुधा जागेवरच बसू देतात. शिपाई वर येऊन पासपोर्टावर नजर टाकतो, इतकंच. वाटलं तर तुम्हीही उतरा. कुणी अडवत नाही.