वीजबचतीचे शिक्षण: कोणाला आणि कशासाठी?



दरवर्षी 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन पाळला जातो. शाळाशाळांतून प्रभातफेरी निघते, फळ्यावर सुविचार लिहिला जातो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2005 साली सुरू केलेल्या चित्रकला स्पर्धेसाठी मुले तापलेली पृथ्वी आणि हिरवे झाड रंगवितात. चित्रे वाईट नसतात. परंतु झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातील कोलामांच्या पोडावरचे एखादे मूल, ज्याच्या घरात एकच दिवा आहे आणि तोही संध्याकाळी केव्हा जाईल याचा नेम नाही, ते ‘दिवे मालवा, देश वाचवा’ असे म्हणत गावातून फिरते, तेव्हा त्या दृश्यात काहीतरी चुकलेले असते. ज्याच्या वाट्याला आलेच नाही त्याने काय वाचवायचे, हा प्रश्न त्या मुलाने विचारला नाही तरी शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यात तर तो अधिकच टोचतो. वणी परिसराच्या पोटातून कोळसा निघतो. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरचे औष्णिक केंद्र लागते. त्याची क्षमता 2920 मेगावॉट आहे. धूळ, राख आणि खचलेली जमीन या टापूच्या वाट्याला. वीज मात्र तारांवरून दूरच्या शहरांकडे. अशा जिल्ह्यात ऊर्जाबचतीचे शिक्षण द्यायचे, तर ते संयमाचे प्रवचन होऊन चालणार नाही. ते हिशेबाचे शिक्षण असले पाहिजे. किती येते, कुठे जाते, वाया कुठे जाते आणि त्याचा भुर्दंड कोण सोसतो, हे मोजायला शिकणे म्हणजे ऊर्जाशिक्षण.

आरंभ शाळेच्या मीटरपासून करता येतो. एका वर्गखोलीत जुन्या चोकच्या दोन ट्यूबलाइट आणि दोन साधे पंखे आहेत असे धरा. ट्यूब चोकसह सुमारे 50 वॉट घेते, पंखा सुमारे 75. सारे मिळून अडीचशे वॉट झाले. मधल्या सुटीत आणि कवायतीच्या वेळी रोज एक तास ते रिकाम्या खोलीत चालू राहिले, तर वर्षाच्या 220 दिवसांत 55 युनिट वाया जातात. सातवीतला विद्यार्थी हे गणित सहज करील. आता त्याच्याकडून दुसरे गणित करवून घ्यावे. त्याच खोलीत 20 वॉटच्या एलईडी ट्यूब आणि 30 वॉटचे नवे पंखे लावले, तर भार शंभर वॉटवर येतो. रोज पाच तासांच्या वापरात वर्षाला 165 युनिट वाचतात, म्हणजे बटणे बंद केल्याने जे वाचले असते त्याच्या तिप्पट. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो; तेव्हा एका खोलीमागे एक क्विंटलाहून अधिक कोळसा जमिनीतच राहतो.

या दोन गणितांमधले अंतर महत्त्वाचे आहे. बटण बंद करणे मुलाच्या हातात आहे. पंखा बदलणे शाळा व्यवस्थापन समितीच्या, पंचायत समितीच्या, जिल्हा परिषदेच्या हातात आहे. मुलाला पहिलेच गणित शिकविले तर दोष त्याच्या सवयीकडे जातो. दुसरेही शिकविले तर प्रश्न अंदाजपत्रकाकडे जातो. बचतीच्या सरकारी पुस्तिकांचा कल पहिल्या गणिताकडेच का असतो, हे वेगळे सांगायला नको. आणि बिल थकल्यामुळे जिल्हा परिषद शाळांची जोडणीच तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार आल्या आहेत. भिंतीवर डिजिटल शाळेचा फलक आणि आत अंधार, अशा शाळेतील मुलांनी बिलाचा कागद हाती घेऊन स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार म्हणजे काय, हे मोठ्यांना विचारले, तर ते उद्धटपणाचे मानू नये.

शाळेतून घराकडे वळले की ऊर्जा म्हणजे वीज हा समज गळून पडतो. या कापूसपट्ट्यात चुलीला पऱ्हाट्या लागतात, तुराट्या लागतात, गोवऱ्या लागतात. जंगलालगतच्या गावांत मोळी लागते आणि ती बहुधा मुलीच्या नाहीतर आईच्या डोक्यावर असते. केंद्र सरकारने 1980 च्या दशकाच्या आरंभी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. जवळजवळ दोन दशके तो चालला, कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेक अल्पावधीतच मोडल्या. भाकरी कशी भाजतात, भांडे किती मोठे असते, हे स्वयंपाक करणारीला पुरेसे विचारलेच गेले नाही. 2016 सालच्या उज्ज्वला योजनेने घराघरांत सिलिंडर पोहोचला. तो संपल्यावर पुन्हा भरून आणण्याइतकी मजुरी हाती नसेल तर चूल पुन्हा पेटते. तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘धुराचे दुष्परिणाम’ या विषयावर निबंध लिहिण्याऐवजी एक प्रयोग करावा. सरपण तोलून घ्यावे, एक लिटर पाणी उकळावे, उरलेले सरपण पुन्हा तोलावे. एकदा उघड्या भांड्यात, एकदा झाकण ठेवून; एकदा तीन दगडांवर, एकदा घडविलेल्या चुलीवर. शालेय पोषण आहाराची डाळ आधी भिजत घातली तर किती जळण वाचते, हेही त्याच तराजूवर कळते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना या प्रयोगात शिक्षक मानावे, विद्यार्थी मानू नये.

खरी कसोटी मात्र शेतात लागते. शेतीपंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली आहे. रात्री पाण्यावर जायचे तर साप आहेत, रानडुकरे आहेत. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात तर 2018 च्या नोव्हेंबरात ‘अवनी’ वाघीण मारली जाईपर्यंत शेतावर जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे होते. म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवितो आणि घरी झोपतो. वीज आली की डीपीवरचे सगळे पंप एका क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. त्यात कॅपॅसिटर बसविलेले नाहीत, कुठे मंजुरीपेक्षा जास्त अश्वशक्तीची मोटार आहे. रोहित्र जळते, आणि हरभऱ्याला नेमके पाणी हवे असते तेव्हा सगळ्यांचेच शिवार कोरडे राहते. ‘ऑटोस्विच काढा’ असे आवाहन महावितरण करीत असते. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण रात्रीच्या भयावर त्यात उत्तर नाही.

त्यातून 2024 च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्याने वीजबिल माफ केले. पिचलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींचाही हिशेब मांडावा. पण बिलाच्या धाकाने बचत होईल, हा मार्ग आता उरला नाही. उरतो तो विहिरीच्या पाण्याचा आणि सामाईक रोहित्राचा विचार. नववी-दहावीच्या मुलांनी एका डीपीवर किती पंप, किती अश्वशक्ती, किती कॅपॅसिटर, हंगामात डीपी किती वेळा जळाली आणि किती दिवसांनी बदलून मिळाली, याची नोंदवही ठेवली, तर ग्रामसभेत बोलायला आधार मिळतो. त्या वहीवरून शेतकऱ्यांना पाळ्या लावून घेता येतील आणि दिवसाच्या विजेची मागणी आकड्यांनिशी मांडता येईल. ऑटोस्विचचा दोष आणि रात्रीच्या पुरवठ्याचा दोष एकाच पानावर आला पाहिजे.

हे सारे नवे नाही. शेजारच्या वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या कामातून शिक्षणाचा विचार, नयी तालीम, तेथून पुढे आला. मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे प्रयोग केले. कोळसा-तेलासारख्या साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि वाहत्या ओघावर जगणारी अर्थव्यवस्था, असा भेद त्यांनी सौरऊर्जेची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी केला होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ‘ऊर्जा आणि पर्यावरण’ हा स्वतंत्र विभाग आहे. माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात, वायरिंग शिकतात आणि ते काम गावासाठी करतात. पाबळचा नमुना उचलताना एक सावधगिरी हवी: मुलांचे काम म्हणजे गावाला मिळालेला फुकट वायरमन नव्हे. खांबाला आणि डीपीला मुलांनी हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले पाहिजे.

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. पहिल्याच आठवड्यात मीटरवरचा आकडा वहीत उतरला, तर पावसाळा, रब्बीचे पाणी आणि मार्चनंतरचे पंखे असे तिन्ही हंगाम एप्रिलपर्यंत त्या वहीत येतात. त्यासाठी शिक्षकांचे वर्ग, जिल्हा परिषदेचे परिपत्रक, कशाचीच वाट पाहावी लागत नाही. एक तराजू, एक वही आणि शाळेचे गेल्या वर्षीचे बिल लागते. कार्यकर्त्यांनी आधी ते बिल मिळवावे.