चिमणीतून जाणारा, पण न दिसणारा

सावनेर म्हटले की साहित्यप्रेमींना गडकरी आठवतात. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी देह ठेवला तो इथेच. मला मात्र आज याच तालुक्यातल्या खापरखेड्याच्या विजेविषयी बोलायचे आहे.

खापरखेडा औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे मिळून १३४० मेगावॉटचे संच आहेत. कोळशाच्या विजेचा ढोबळ हिशेब असा, की एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालल्यास तासाला सुमारे १३४० टन! कोळशाच्या वजनाहून वायू जास्त कसा, असे कुणी विचारील. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. एक किलो कार्बनचा साडेतीन किलोहून अधिक वायू होतो.

लोकांना दिसते ती राख. वाळवणावर बसते, डोळ्यांत जाते. ती अडवायला यंत्रे असतात, गंधकासाठीही निघाली आहेत. पण कार्बन डायऑक्साइड त्यांतून सहज निसटतो. चिमणी उंच बांधूनही तो घटत नाही. मुळात कोळसाच कमी जाळायला हवा.

शेजारच्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आले. त्यांत वाफेचा दाब आणि तापमान जास्त असते. कार्यक्षमता ३५ टक्क्यांवरून ३९ वर गेली, तर तेवढ्याच विजेला दहा टक्के कोळसा कमी लागतो. पण जुना संच बंद झाला तरच ही बचत खरी. कोराडीच्या आणखी दोन संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. नवा संच जुन्याच्या जागी येणार की जोडीला, हेच अशा वेळी आधी विचारावे.

दुसरा मार्ग आपल्या शेतातच आहे. कापूस संपला की बोंडअळीच्या भीतीने आपण पऱ्हाट्या बांधावर पेटवतो. त्याच दाबून, कांड्या करून कोळशात मिसळता येतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये असे मिश्रण सक्तीचे केले. पऱ्हाटीतला कार्बन त्याच हंगामात हवेतून आलेला असतो, म्हणून तो नवी भर घालत नाही. मात्र गोळा करण्याची मजुरी कोण देणार? शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे पडले नाहीत, तर काडेपेटीच स्वस्त.

कृषिपंपांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. रात्री विंचूकाट्यात संत्र्याच्या बागेला पाणी देणाऱ्याला तिचे मोल सांगायला नको. पण सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे लागतात, तेव्हा भार पुन्हा कोळशावरच येतो. ती वीज साठवण्याची सोय जसजशी वाढेल, तसतसे जुने संच थंड करता येतील.

आणि मग खाणकामगार? या पट्ट्यातली कितीतरी घरे कोळशावर चालतात. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या मुलाला सौर यंत्रणेच्या कामाचे शिक्षण याच तालुक्यात मिळायला हवे, तेही खाणीला कुलूप लागण्याआधी.