रक्तदाब आणि अर्धांगवायूचें भाकीत



अर्धांगवायूचा झटका अकस्मात् येतो असें आपण म्हणतों. परंतु त्याची तयारी मेंदूच्या धमन्यांत पुष्कळ वर्षें चाललेली असते आणि तिचें मुख्य कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तेव्हां ज्याचा दाब वाढला आहे अशा गृहस्थास झटका येण्याचा संभव किती, हें आधीं सांगतां येईल काय?

येईल, पण तें कोणाच्या मापानें, हें प्रथम विचारलें पाहिजे. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम या गांवीं १९४८ सालीं सुमारें पांच हजार नागरिकांची पाहणी सुरू झाली. ते बहुतेक सर्व गोरे होते. त्यांच्याच नोंदींवरून १९९१ सालीं वय, दाब, मधुमेह, धूम्रपान इत्यादींस गुण देऊन अर्धांगवायूचें भाकीत करण्याचें कोष्टक सिद्ध झालें. पुढें २००३ सालीं अमेरिकेंतच दुसरी पाहणी सुरू झाली. तींत तीस हजारांवर गोरे व कृष्णवर्णीय लोक होते. वरचा दाब दहा मिलिमीटरनें अधिक असतां गोऱ्यांत झटक्याचा संभव शेंकडा ८ नें वाढलेला दिसला, तर कृष्णवर्णीयांत शेंकडा २४ नें! दाबांतील फरक तोच, परिणाम मात्र तिप्पट. कातडीच्या रंगांत कांहीं जादू आहे असें यावरून कोणी समजूं नये. दाब किती वर्षें चढा राहिला, औषध वेळेवर मिळालें कीं नाहीं, हे प्रश्न त्या आंकड्यामागें उभे आहेत.

आतां आपल्या विदर्भाकडे वळूं. गडचिरोली जिल्ह्यांत ‘सर्च’ या संस्थेनें २०११ ते २०१३ या काळांत ८६ गांवांतील मृत्यूंची नोंद ठेविली. १,५९९ मृत्यूंपैकीं २२९ अर्धांगवायूनें झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणानें इतकीं माणसें दगावलीं नव्हतीं. त्यांतील बहुतेकांनीं घरींच प्राण सोडला. हा मुलूख शेतांत राबणाऱ्या लोकांचा. ‘मी सडपातळ आहें, तूप खात नाहीं, मला कसलें भय?’ असें म्हणणाऱ्या नागपूरकरानें ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं जगाचे २१ विभाग पाडून प्रत्येकास निराळा तक्ता दिला. दक्षिण आशियासही दिला. त्यांतील एका प्रकारास रक्ततपासणी लागत नाहीं. वय, स्त्री कीं पुरुष, धूम्रपान, वरचा दाब आणि उंचीच्या मानानें वजन, एवढ्यावरून दहा वर्षांत हृदयविकार वा अर्धांगवायू होण्याचा संभव काढतां येतो. तक्ता चांगला आहे. पण तो विचारतो, ‘धूम्रपान करतां काय?’ आणि आमचा नागपूरकर छातीवर हात ठेवून ‘नाहीं’ म्हणतो व तोंडांतला खर्रा दुसऱ्या गालांत सरकवितो! चघळलेल्या तंबाखूनेंही या रोगानें मरण्याचें भय वाढतें, पण तक्त्यांत तिला रकाना नाहीं. नाडी अनियमित चालते काय, हेंही तो विचारीत नाहीं; तें डॉक्टरांस विचारावें लागतें. आणि ज्याची जीभ वा हात घटकाभर लुळा पडून पुन्हां पूर्ववत् झाला, त्यानें तक्ता पाहत न बसतां त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें.

घरच्या माणसाला करण्यासारखें मोठें काम म्हणजे दाबाचा आंकडा खरा मिळविणें. जिना चढून आल्याबरोबर घेतलेला दाब कुचकामाचा. आधीं अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी, पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, पट्टा दंडास पुरेल असा असावा, आणि त्या वेळीं बोलूं नये. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोनदां मोजून वहींत लिहावें. सरासरी १३५ वर ८५ किंवा अधिक भरली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावें.

इतका खटाटोप कशासाठीं? चाळीस ते सत्तर या वयांत वरच्या दाबांत वीस मिलिमीटरांचा फरक पडला कीं अर्धांगवायूनें मरण्याचा संभव दुपटीहून अधिक होतो. उलट औषधानें दहाचा उतार पडला तर झटक्याचें भय सुमारें चतुर्थांशानें घटतें. पण हा उतार औषध चालू आहे तोंवरचाच असतो. आंकडा १३० वर आला म्हणून पुष्कळ लोक गोळी थांबवितात, आणि दाब कसलीही चाहूल न देतां पुन्हां चढूं लागतो.