निवासी डॉक्टरांचे नेतृत्व आणि वेळेचा हिशेब
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वेळेचे नियोजन हा विषय व्यापारी समाजाला नवा नाही. पेढी उघडण्याची आणि बंद करण्याची वेळ ठरलेली असली की मधल्या तासांचा जमाखर्च मांडता येतो. परंतु ज्या ठिकाणी दार कधी बंदच होत नाही, तेथे हा जमाखर्च कसा मांडावा? मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील तृतीय वर्षाचा निवासी डॉक्टर याच प्रश्नासमोर उभा असतो. आज अनेक घरांतील मुले-मुली एम.डी., एम.एस.चे शिक्षण घेत आहेत. 'पोरगं फोनसुद्धा उचलत नाही' ही तक्रार त्यामुळे घरोघर ऐकू येते. त्या न उचललेल्या फोनच्या पलीकडे काय चाललेले असते, हा आजचा विषय आहे.

प्रथम 'निवासी' या शब्दाविषयी. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड या दोन थोर वैद्यांनी पदवीनंतरच्या शिक्षणाची एक पद्धत घालून दिली. शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहायचा, वॉर्ड हेच त्याचे घर, म्हणून तो 'निवासी'. बारीकसारीक फरक सोडले तर हीच पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. मुंबईत जुन्या पिढीतील डॉक्टर अजूनही पहिल्या वर्षाच्या निवाशाला 'हाऊसमन' आणि वरच्याला 'रजिस्ट्रार' म्हणतात.

अमेरिकेत औषधवैद्यक शाखेतील मुख्य निवासी बहुधा स्वतःचे तीन वर्षांचे शिक्षण संपवून एक जादा वर्ष या कामासाठी देतो. आपल्याकडील तृतीय वर्षाच्या निवाशाला ती सोय नाही. नेतृत्व, प्रबंध आणि अंतिम परीक्षा ही तिन्ही ओझी त्याच्या खांद्यावर एकाच काळात येतात. (हल्ली बऱ्याच युनिटांत ही जबाबदारी विद्यार्थिनीच पेलत असतात, हे सांगायला हवे.) वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास. पुढारीपणाचा लेखी हुकूम सहसा नसतो, आणि नेतृत्व कसे करावे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याने वाचलेले नसते. तरीही महिन्याचा ड्युटीचा तक्ता तोच करतो, इमर्जन्सीच्या दिवशी कोणता रुग्ण आधी पाहायचा हे तोच ठरवतो, सरांच्या राउंडपूर्वी प्रत्येक खाटेची माहिती त्यालाच ठाऊक असावी लागते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला शिरेत सुई घालायला शिकवणाराही तोच असतो.

ऑस्लर यांनी १९१३ साली येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे एक प्रसिद्ध व्याख्यान दिले होते. जहाजात पाणी शिरू नये म्हणून जसे स्वतंत्र बंद कप्पे असतात, तसे माणसाने आजचा दिवस कालपासून आणि उद्यापासून बंद करून घ्यावा, असा त्या उपदेशाचा आशय होता. पहिल्या वर्षाच्या निवाशाला हा उपदेश अमृतासारखा आहे, कारण समोरचे काम पार पाडणे एवढेच त्याच्या हाती असते. तृतीय वर्षाच्या निवाशाला मात्र तो पुरा पडत नाही. त्याला उद्याची शस्त्रक्रियांची यादी, पुढच्या आठवड्यातील रजा आणि तीन महिन्यांनंतरची माणसांची टंचाई आजच दिसावी लागते. एक उदाहरण घ्या. २०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले. योजना चांगली आहे. परंतु युनिटमधील एक जण तीन महिने बाहेर गेला की उरलेल्यांच्या रात्रपाळ्या वाढतात. ज्याने तक्ता आधी आखला नाही, त्याच्या युनिटमध्ये हा भार अखेर सर्वांत दुबळ्या खांद्यावर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर पडतो.

भार किती असावा याविषयी नियम आहेत. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यानंतर काही तासांतच मरण पावली. तिला पाहणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते आणि त्यांच्याकडे इतरही अनेक रुग्ण होते. त्या प्रकरणावर मोठी चर्चा झाली आणि १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने निवाशांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ पासून ती सर्व अमेरिकेला लागू झाली. भारतात केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेत कनिष्ठ निवाशाने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक काम करू नये असे नमूद आहे. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत 'वाजवी' कामाचे तास, पुरेशी विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी यांचा उल्लेख आला. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. १९९२ चा आकडा ४८ आणि २०२४ चा ७४. बत्तीस वर्षांनंतर सुधारणा म्हणून मोठा आकडा सुचवावा लागतो, यावरून कागद आणि वॉर्ड यांतील अंतर लक्षात यावे.

नियम दिल्लीत होतात, पण ते कोणाच्या वाट्याला किती येतात हे वॉर्डातील भिंतीवर चिकटवलेल्या त्या एका पानावर ठरते. ते पान लिहिणारा स्वतः विद्यार्थी असतो. माणसे वाढवणे त्याच्या हाती नाही. वॉर्डबॉय कमी असले की निवासी डॉक्टरच ट्रॉली ढकलतात, रक्तपेढीत धावतात, तपासण्यांचे अहवाल गोळा करत फिरतात. हा दोष व्यवस्थेचा आहे, आणि वेळेच्या नियोजनाचे धडे देऊन तो झाकता येणार नाही. तथापि आहेत त्या माणसांत इमर्जन्सीच्या रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायला पाठवणे हे मात्र त्याच्या हाती असते.

ही दया नव्हे, रुग्णाची सुरक्षितता आहे. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरल्याचे आढळले. २००४ साली बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागातील पहिल्या वर्षाच्या निवाशांची पाहणी झाली. दीर्घ पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के अधिक घडत होत्या. आपले दुकान झिंगलेल्या मुनीमाच्या हाती कोणी देणार नाही, मग आईची सलाईन जागरणाने डोळे मिटत असलेल्या मुलाच्या हाती का द्यावी?

येथे एक बाब प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. केवळ पाळी लहान केल्याने सर्व काही सुधारते असे दिसलेले नाही. अमेरिकेत २०१६ साली शस्त्रक्रिया शाखेच्या ११७ आणि २०१९ साली औषधवैद्यकाच्या ६३ अभ्यासक्रमांतील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याची ८० तासांची मर्यादा कायम ठेवून पाळीची लांबी लवचीक ठेवली, तर रुग्णांच्या मृत्यूंच्या बाबतीत परिणाम अधिक वाईट ठरले नाहीत. एक कारण सहज सुचण्यासारखे आहे. पाळ्या लहान झाल्या की बदल्या वाढतात, आणि प्रत्येक बदलीच्या वेळी रुग्णाविषयीची काही ना काही माहिती सांडते. दुधाची चरवी हातोहात देताना थोडे सांडावे तसे.

म्हणून निवाशांच्या नेत्याने आपल्या दिवसातला जो काळ घाईपासून वाचवायचा, तो पाळी बदलण्याचा. याविषयी २०१४ साली नऊ बालरुग्णालयांतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सूत्रे सोपवण्यासाठी तेथे पाच पायऱ्या ठरवल्या होत्या: रुग्ण किती गंभीर आहे, त्याची थोडक्यात हकिकत, करायची राहिलेली कामे, रात्री काय बिघडू शकते व तसे झाल्यास काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते सर्व स्वतःच्या शब्दांत परत सांगणे. या पद्धतीमुळे वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या दुर्घटना ३० टक्क्यांनी घटल्या. आणि विशेष हे की, सूत्रे सोपवण्याला लागणारा वेळ लक्षणीय वाढला नाही. आपल्याकडे हे काम पुष्कळदा जिन्यात उभ्या-उभ्या किंवा व्हॉट्सअॅपवर खाटांचे क्रमांक पाठवून उरकले जाते. वाचवलेली ती दहा मिनिटे पहाटे तीन वाजता दामदुपटीने वसूल होतात.

पहाटेच्या तीनची गोष्ट निघालीच आहे, तर फोनविषयी बोलले पाहिजे. दिवसभरात वरिष्ठ निवाशाचा फोन अखंड वाजत असतो. त्यांतील बरेचसे प्रश्न थांबू शकणारे असतात. ते कनिष्ठांनी वहीत लिहून ठेवावेत आणि दुपारी व सायंकाळी अशा दोन ठरलेल्या वेळी एकत्र विचारावेत, ही रीत लावली तर दोघांचाही दिवस मोकळा होतो. उद्या घरी जाणाऱ्यांची डिस्चार्जची कागदपत्रे आदल्या संध्याकाळी तयार ठेवली तर सकाळची खाट लवकर रिकामी होते आणि जमिनीवरील गादीवरचा रुग्ण खाटेवर येतो. मात्र गंभीर रुग्णाविषयीचा फोन कोणत्याही क्षणी यावा आणि तो घेताना आवाज चढू नये, ही एक बाब कोणत्याही वेळापत्रकात बसवू नये. 'एवढंही कळत नाही का?' हे एक वाक्य ज्याने ऐकले, तो मुलगा पुढच्या वेळी फोन करत नाही, सकाळची वाट पाहतो. त्या वाट पाहण्याची किंमत तिसराच कोणी माणूस मोजतो. वरिष्ठांच्या अपमानाची परंपरा आपल्या वैद्यकीय शिक्षणात 'घडवणे' या नावाखाली दीर्घकाळ सांभाळली गेली आहे. त्यात घडते थोडे आणि दडते अधिक.

शिकवण्यासाठी स्वतंत्र तास मिळत नाही, ही अडचण खरी आहे. १९९२ साली अमेरिकेतील काही कुटुंबवैद्यक शिक्षकांनी रुग्ण पाहता-पाहताच काही मिनिटांत शिकवण्याची रीत मांडली. विद्यार्थ्याला आधी निदान काय वाटते ते विचारायचे, मग कशावरून ते विचारायचे, त्यावरून एकच तत्त्व सांगायचे, बरोबर केले त्याची पोच द्यायची आणि चुकले ते दुरुस्त करायचे. राउंडमध्ये दोनच रुग्णांपाशी हे केले तरी वर्षभरात केवढा साठा होतो!

आता त्याचा स्वतःचा अभ्यास. प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करायचा असतो, आणि तो बहुधा रुग्ण झोपल्यावर लिहिला जातो. यावर व्यवहार्य तोड एकच दिसते. आठवड्यातील ठरलेले तीन तास फोन दुसऱ्या वर्षाच्या निवाशाच्या हाती द्यायचा आणि ग्रंथालयात बसायचे. दुसऱ्या वर्षाच्या निवाशाला तेवढेच तास परत द्यायचे. यातून त्यालाही निर्णय घेण्याची सवय लागते. नकार देणे याहून कठीण. परिषदेचे संयोजन, सरांच्या भाषणाची चित्रे, स्मरणिकेच्या जाहिराती अशी कामे हौशी आणि होतकरू निवाशाकडेच येतात. 'नाही' म्हणता येत नसेल तर 'सर, हे शुक्रवारपर्यंत हवे असेल तर उद्याची ओपीडी कोणी पाहावी?' असे नम्रपणे विचारता येते. बहुतेक सरांना उत्तर ठाऊक असते.

घरच्यांकडेही यातला काही वाटा आहे. लग्नकार्याची तारीख दोन महिने आधी कळवली तर तक्त्यात बसते, आदल्या रात्री कळवली तर दुसऱ्या कोणाची तरी झोप जाते. मुलगी फोन उचलत नाही म्हणून दहा वेळा लावण्यापेक्षा 'वेळ मिळेल तेव्हा कर' एवढा निरोप पुरतो. भेटायला जाताना डबा न्यायचा तर चौघांपुरता न्यावा, कारण तो एकटीने खाल्ला जात नाही.

परीक्षा जवळ आली की तृतीय वर्षाचा निवासी वॉर्डातून हळूहळू बाजूला होतो. तक्ता दुसऱ्या वर्षाकडे जातो. जो शहाणा असतो तो हे शेवटच्या दिवशी करत नाही. तीन महिने आधीपासून तक्ता शेजारी बसवून आखून घेतो, रक्तपेढीत रात्री कोणाशी बोलावे, कोणत्या यंत्राची तार सैल आहे, कोणत्या मावशींना विचारल्यावर चादर मिळते, हे सारे एका वहीत लिहवून घेतो. पुढच्या इमर्जन्सीला फोन नव्या हातात असतो.