परतीची वाट : सॉफ्टवेअर वापरात आणण्याची खरी कसोटी

सॉफ्टवेअर तयार करून ते प्रत्यक्ष वापरात आणण्याच्या, म्हणजेच डिप्लॉयमेंटच्या, दोन पद्धतींपैकी वॉटरफॉलमध्ये गरजांची नोंद, आराखडा, कोड आणि चाचणी हे टप्पे ओळीने पुरे करून सर्व काही अखेरीस एकदाच सुरू केले जाते, तर अजाइलमध्ये तेच काम लहान तुकड्यांनी वापरकर्त्यांच्या हाती दिले जाते. वॉटरफॉलशी जोडला जाणारा विन्स्टन रॉइस यांचा १९७० मधील निबंध आणि २००१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे १७ जणांनी काढलेला अजाइलचा जाहीरनामा श्रोत्यांस परिचित असल्याने त्यांची उजळणी येथे केलेली नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा आग्रह वेगळाच आहे : नवे सॉफ्टवेअर बिघडले तर जुन्याकडे कसे आणि किती वेळात परतता येईल, हे आधी ठरावे आणि पद्धतीची निवड त्यानंतर व्हावी. या परतण्यास रोलबॅक म्हणतात.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीचे उदाहरण दोन वाक्यांत आटोपण्याचे योजले होते, परंतु मुद्दा त्याच्या तपशिलातच आहे. न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणाऱ्या एका योजनेसाठी कंपनीने आपल्या ८ सर्व्हरांवर आधीच्या काही दिवसांत टप्प्याटप्प्याने नवा कोड चढवला. एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला आणि दुसऱ्या कोणी पडताळणी करावी असा नियमच नव्हता. नव्या कोडने वापरलेला फ्लॅग, म्हणजे एखादे काम चालू वा बंद करणारी प्रोग्राममधील खूण, पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाच्या कामासाठी होता. ते काम २००३ पासून बंद होते, पण त्याचा कोड काढलेला नव्हता. आठव्या सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला आणि ऑर्डर पुरी झाल्याचे न उमगल्याने नव्या ऑर्डरी सोडत राहिला. बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीतून ९७ ईमेल निघाले होते. इशारा म्हणून त्यांची योजनाच नसल्याने त्यांवर कोणी हालचाल केली नाही. पुढचा भाग अधिक बोलका आहे : दोष नव्या कोडचा असावा असे समजून तो उरलेल्या ७ सर्व्हरांवरून काढण्यात आला, आणि तेथेही जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

(सभागृहात कुजबुज.) ही चूक तंत्रज्ञाची, पद्धतीची नव्हे, असा आक्षेप पुढील रांगेतून आला. तो मान्य करता येत नाही, कारण विसरणे मनुष्यस्वभावात आहे आणि ते गृहीत धरून परतीची वाट आखणे हे संस्थेचे काम आहे. नाइट कॅपिटल परतली खरी, पण जेथे परतली ती जागा सुरक्षित आहे का, हे कोणी पाहिले नव्हते.

उलट बाजूचे, म्हणजे परतणेच अवघड असल्याचे, उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती मुख्यतः एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलवली. माहिती सुखरूप पोचली, प्रणाली मात्र कोलमडली आणि कामकाज पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. कोड मागे घेता येतो, पण मधल्या काळात नव्या प्रणालीत नोंदले गेलेले व्यवहार तितक्या सहज मागे नेता येत नाहीत, म्हणून अशा स्थलांतरात थोड्या ग्राहकांपासून सुरुवात करणेच शहाणपणाचे ठरते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी व्यासपीठावर आल्याने खर्च आणि करारांचा भाग येथे गाळावा लागत आहे. निर्णय असा : जेथे परतणे सोपे, तेथे अजाइल निःसंकोच स्वीकारावी, जेथे ते अशक्य, उदाहरणार्थ उड्डाण घेतलेल्या रॉकेटच्या नियंत्रणात, तेथे वॉटरफॉलची शिस्त आणि उड्डाणापूर्वीची संपूर्ण चाचणी यांस पर्याय नाही. श्रोत्यांपैकी ज्यांच्याकडे या महिन्यात एखादे डिप्लॉयमेंट आहे, त्यांनी ते करण्यापूर्वी चाचणीच्या सर्व्हरवर रोलबॅकची एकदा तालीम करावी आणि तिला किती मिनिटे लागली हे लिहून ठेवावे, ही आग्रहाची विनंती.